रक्ताची पत्रिका

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय काढला म्हणून वाचक रागावतील. रागावोत. मला बोलायचे आहे ते फराळाच्या ताटाभोवती जे बोलले जाते त्याविषयीच.

आमच्या फुलपाड्यात, पापडखिंडीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. वय वर्षे २७. त्याला सिकलसेल आहे. वाटेत भेटला तर तुम्ही त्याला नववीतला पोरगा समजाल. दिवेलागणीलासुद्धा तो काळा चष्मा उतरवीत नाही. गेल्या भाऊबीजेला त्याच्याकडे गेलो होतो. चकलीचे ताट पुढे करीत त्याची मावशी म्हणाली, "अजून कावीळ उतरली नाही का रे?" तो आतल्या खोलीत गेला, तो मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.

कावीळ कसली! मी मॅट्रिक झालेला मास्तर, डॉक्टर नव्हे. पण एवढे मलाही ठाऊक आहे. धडधाकट माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. याची पेशी विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांत फुटते. त्या फुटण्यातून निघणारा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. या ओढाताणीत अंगाची वाढ मागे पडते, वयात येणे लांबते. थॅलेसेमियाची तऱ्हा वेगळी. तिथे वरचेवर रक्त चढवावे लागते. दर पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येते, ते शरीराला आपणहून टाकता येत नाही, आणि कातडी काळवंडते. यात त्यांनी लाजावे असे काय आहे? पण लाजायला आपण शिकवले.

सरकार स्वस्थ बसले असे नाही. २०१६ च्या कायद्याने हे आजार दिव्यांगत्वात धरले. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासायचे ठरले. कार्डे निघाली. लग्नाआधी ती जुळवून पाहा, असे सांगितले गेले. सल्ला योग्यच, पण आपण पडलो पत्रिकेचे भक्त! आपण त्या कार्डाचा मंगळ करून टाकला.

हिशेब फळ्यावर मांडण्याइतका सोपा आहे. दोघेही वाहक असले तर दर खेपेला मूल आजारी होण्याचा धोका २५ टक्के. पण एक रुग्ण आणि दुसऱ्याच्या रक्तात असला कोणताही दोष नाही, तर मुले सगळी वाहक होतील, आजारी एकही नाही. माझ्या विद्यार्थ्याला दोन स्थळांकडून नकार आला. एका घरी मी मुद्दाम विचारले, "मुलीचे रक्त तपासलेत का?" "छे, आमच्या मुलीला काय झालंय!" मग नकार कशाला दिलात? चष्म्यालाच ना?

दवाखान्यात तरी निराळे काय? "सर, हिमोग्लोबिन किती ते दर वेळी बघतात," तो म्हणाला. "झोप लागते का, हे एकदाही विचारलं नाही कुणी." लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर ससे-हरणे रंगवलेली असतात. अठरा सरली की मोठ्यांच्या रांगेत उभे राहायचे, आणि मन घरी ठेवून यायचे! जिथे रक्त तपासतात तिथेच मनाचीही चौकशी करणारा एक माणूस बसवा, एवढेच मागणे आहे.

यंदा भाऊबीजेला मी पुन्हा जाणार आहे. मावशी असतीलच. चकलीचे ताट फिरायच्या आधी मीच बोलायला सुरुवात करीन.