गॅलरींतील आम्लेट

आमच्या पांढरपेशा घरांत अंडें कोणी खात नाहीं असें आतां राहिलेलें नाहीं. कित्येक घरांत तें केवळ स्वयंपाकघरांत शिजत नाहीं, इतकेंच. त्यासाठीं गॅलरींत एक लहानशी शेगडी असते, पोंचे आलेला एक निराळा तवा असतो, टवका उडालेली एक बशी असते. आणि रविवारीं सकाळीं आजी देवापुढें बसल्या कीं घरचा कर्ता पुरुष चोरपावलांनीं तिकडे वळतो. मागाहून तो तवा घासावयाचा कोणीं, हा प्रश्न मात्र त्याच्या पुरुषार्थाच्या कक्षेंत येत नाहीं. तो घरांतील स्त्रीकडे जातो. तिनें तवा घासून हात धुतले कीं घर पुन्हां शुद्ध!

ज्यांना अंडें खावयाचेंच नाहीं त्यांच्याशीं माझा वाद नाहीं. धर्म म्हणून, व्रत म्हणून वा भूतदया म्हणून जो तें वर्ज्य करितो त्याला माझा नमस्कार असो. माझा वाद आहे तो, जें जिभेला चालतें तें चुलीला चालत नाहीं असें म्हणणाऱ्या सोंवळ्याशीं.

ह्या सोंवळ्यानें पहिला बळी घेतला तो खुद्द आम्लेटाचा. आजींची पूजा आटोपण्याच्या आंत उरकावयाचें, म्हणून आंच मोठी. वास लपावा म्हणून कांदा, मिरची, हळद, कोथिंबीर यांची एवढी गर्दी कीं अंडें शोधून काढावें लागावें! (इराण्याकडील कांदा-मिरचीचें आम्लेट मलाही प्रिय आहे, पण तें तेथें उघड्यावर, निर्भयपणें होतें.) तेल धुरावतें, कडा करपतात, आणि बशींत येतें तें चामडें. यांत नवल कांहीं नाहीं. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडा वर घट्ट होऊं लागतो, पिवळा त्यानंतर लौकरच. तेथून पुढें उष्णता देत राहिलें कीं प्रथिनांची जाळी आवळत जाते व आंतील पाणी पिळून बाहेर टाकते.

वास्तविक ही कृति किती सोपी! दोन अंडीं, मिठाची चिमूट. पांढरें व पिवळें एकजीव होईपर्यंत कांट्यानें ढवळावें. फेंसाचा डोंगर करूं नये. मध्यम आंचेवर सुपारीएवढें लोणी घालावें, त्याचा फेंस बसला कीं अंडें ओतावें, कडेचा घट्ट झालेला भाग काविलथ्यानें मध्यें ओढीत जावा, आणि वरचा भाग अजून ओलसर चकाकत असतांनाच घडी घालून उतरावें. उरलेलें काम आंतली ऊबच करते. सारा उद्योग एक-दोन मिनिटांचा; परंतु तेवढी मिनिटें मन तव्यावर हवें, दाराकडे नव्हे.

आणि आमची चतुराई पाहा! बेसनांत टोमॅटो, कांदा व कोथिंबीर कालवून केलेल्या धिरड्याला आम्हीं ‘टोमॅटो आम्लेट’ असें नांव दिलें. पदार्थ उत्तम आहे, मीं तो आवडीनें खाल्ला आहे. पण धिरडें ह्या नांवांत काय उणें होतें? अंड्याचा स्पर्श नको, मात्र त्याचा साहेबी डौल हवा!

कोणी म्हणेल, इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठीं एवढा त्रागा कशाला? गोष्ट क्षुल्लक नाहीं. गॅलरींतील आम्लेट खातो कोण? बाप खातो, मुलगा व्यायाम करितो म्हणून तोही खातो. एका अंड्यांत सुमारें 6 ग्रॅम प्रथिनें असतात. तीं घरांतील सुनेच्या वा मुलीच्या वांट्याला क्वचित् येतात, कारण घराचें सोंवळें तिनें सांभाळावयाचें असतें. हीच वृत्ति घराबाहेरही दिसते. 2023 च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें शाळांतील मध्यान्ह भोजनांत आठवड्यांतून एकदां अंडें, व न खाणाऱ्यांस केळें, देण्याचें ठरविलें. 2025 च्या जानेवारींत त्यासाठीं निराळा पैसा देणें थांबविलें. हवें तर लोकसहभागांतून द्यावें, असें शाळांना सांगितलें. ज्या मुलांच्या घराला गॅलरीच नाहीं त्यांचें अंडें गेलें. त्याबद्दल आमच्या बैठकींत मला चकार शब्द ऐकूं आला नाहीं. त्याच मंडळींनीं परतींच्या वाटेवर हातगाडीपाशीं उभें राहून आम्लेट-पाव मात्र खाल्ला.

तेव्हां गृहस्थहो, येत्या रविवारीं तो तवा आंत आणा. आजींना वास सोसत नसेल तर खिडकी उघडा, त्यांना आधीं सांगा, त्यांचें रागावणें ऐकून घ्या. चोरून खाण्यापेक्षां त्यांतच त्यांचा मान अधिक राहतो. पहिलें आम्लेट बिघडेल, तें तुम्हीं खा. दुसरें बायकोला विचारून तिच्या बशींत वाढा. ती नको म्हणाली, तर तें ‘नको’ तिचें स्वत:चें आहे कीं घरानें तिला शिकविलेलें, एवढें एकदां विचारून पाहा. आणि तवा तुम्हीं घासा.