सिहर, जादू आणि 'केलंय'

आमच्या कंधारात कुणी छान बोललं की लोक म्हणतात, 'काय जादू आहे राव त्याच्या जिभेत!' मुशायऱ्यात एखाद्या शायराने रंग भरला की त्याच्या कलामात 'सेहर' आहे, असं उर्दूवाले म्हणतात. पुरुषाच्या वाट्याला हा शब्द आला तर कौतुक. सून नवऱ्याला आवडू लागली की मात्र तोच शब्द फिरतो. मग ती 'जादू करते'.

मध्यंतरी खालाकडे गेलो होतो. चहा ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "बहू ने कुछ कर दी मेरे बच्चे पो." मुलगा नोकरीसाठी नांदेडला बिऱ्हाड करून राहतो, फोन कमी करतो, बायकोला विचारून खर्च करतो. पुरावा म्हणाल तर एवढाच. एका आमिलाने अडीच हजार घेऊन सांगितलं की खाण्यातून काहीतरी दिलंय, आणि देणारी घरातलीच बाई आहे. नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. घरात खालाशिवाय बाई एकच.

शेजारच्या मराठी घरांत 'कुणीतरी केलंय' म्हणतात. कुणी केलं, काय केलं, वाक्यात काहीच नाही, तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आपल्या मराठवाड्यात तर भानामतीच आहे: घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं तपासली, तेव्हा घरातलंच एखादं गांजलेलं माणूस हे करताना सापडलं. पण तोवर गावाने कुणावर तरी बोट दाखवून झालेलं असतं.

मी वाद घातला तेव्हा खालाने ठेवणीतला प्रश्न काढला, "कुरआन में सिहर है के नहीं?"

आहे ना. सूरह बकरामध्ये हारूत-मारूतच्या प्रसंगात आहे. पण तिथला सिहर नवरा-बायकोत फूट पाडणारा आहे, आणि खालाची तक्रार तर दोघं फार जमून राहतात ही! शिवाय अल्लाहच्या हुकुमाविना त्याने कुणाचं नुकसान होत नाही, हेही त्याच आयतीत आहे. फिरऔनच्या जादूगारांनी काय केलं? लोकांचे डोळे फसवले, दोऱ्या सळसळताना भासवल्या. आपण ज्याला नजरबंदी म्हणतो तेच.

एक गोष्ट मात्र आपल्या बयानांत फारशी ऐकू येत नाही. कुरआनात 'साहिर', म्हणजे जादूगार, हा शब्द आरोप म्हणूनही येतो. मूसा (अ.) यांना फिरऔनच्या लोकांनी साहिर म्हटलं. मक्केच्या विरोधकांनी पैगंबरांना (स.) साहिर म्हटलं. ज्या शब्दाने नबींना हिणवलं गेलं, तोच शब्द आपण विसाव्या-बाविसाव्या वर्षी घरात आलेल्या पोरीवर फेकतो. सिहर करणं मोठा गुनाह आहे, मान्य. पण पुराव्याशिवाय तो कुणावर लादणं म्हणजे बोहतान, आणि बोहतानही काही लहान गुनाह नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याचं जगणं कठीण करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. 'हा त्यांच्यासाठीचा कायदा' असं आपल्याकडे काही जण म्हणतात. पण तो कायदा कुठल्याही एका धर्मापुरता नाही. आमिल काय अन् मांत्रिक काय, त्याला सारखेच.

खालाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू पढालिखा है, तेरे को नहीं समझता."

मागच्या ईदला सून नांदेडहून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. खालाने वाटी हातात घेतली, बोलता बोलता खाली ठेवली आणि तशीच राहू दिली. सुनेने ते पाहिलं, काही बोलली नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.