एकीतून बळ की बळातून एकी?



दर आठवड्याला एखाद्या शब्दाची गाठ सोडवायची, हा आपल्या या पानाचा शिरस्ता. या वेळची गाठ मात्र थेट लॅटिन भाषेतली आहे! ती पाठवली आहे सातवीतल्या एका वाचकाने. त्याच्या खो-खो संघाने वर्गणी काढून टी-शर्ट घेतले आहेत. त्यांच्या पाठीवर 'एकीतून बळ' हे शब्द लॅटिनमध्ये छापायचे, असं सगळ्यांनी ठरवलंय. पठ्ठ्याने शब्दकोश उघडून तीन शब्द शोधले. एकी म्हणजे 'उनितास', तून म्हणजे 'एक्स' आणि बळ म्हणजे 'वीस' (हा आपला २० नव्हे बरं का!). मग ते ओळीने मांडून विचारलं, "'उनितास एक्स वीस' हे बरोबर आहे ना?"

नाही रे बाबा! आणि नुसतं चुकलंय असं नाही, अर्थच उलटा झालाय. कसा ते बघू या. त्याला उत्तर मी टपालाने आधीच धाडलं आहे. पण यातली गंमत तुम्हा सर्वांना कळावी, म्हणून हा खटाटोप.

लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. आज ती कुठल्या घरात बोलली जात नाही, पण झाडांची आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं अजून तिच्याच धर्तीवर ठेवतात. आपल्या लाडक्या आंब्याचं 'मँगिफेरा इंडिका' हे नावही त्यातलंच. या भाषेचं व्याकरण अवघड म्हणून सारं जग घाबरतं. पण मराठी मुलांनी घाबरायचं काही कारण नाही. का? तर विभक्ती! तीच ती, जिचा तक्ता पाठ करताना तुम्ही तोंड वाकडं करता.

हे वाक्य बघा: 'कुत्रा माणसाला चावतो.' आता शब्द हलवा: 'माणसाला कुत्रा चावतो.' अर्थ बदलला का? मुळीच नाही. कारण चावा कुणाला बसला, ते 'ला' हा प्रत्यय सांगतो. लॅटिनमध्येही अस्संच. कुत्रा म्हणजे 'कानिस', माणूस म्हणजे 'विर' (आपल्या 'वीर' शब्दाचा हा दूरचा भाऊ), आणि चावतो म्हणजे 'मोर्देत'. वाक्य होतं 'कानिस विरुम मोर्देत'. 'विर'चा 'विरुम' झाला, म्हणजे चावा माणसाला बसला. 'विरुम कानिस मोर्देत' म्हटलं, तरी बिचारा माणूसच कळवळणार. पण 'विर कानेम मोर्देत' म्हणालात, तर माणूसच कुत्र्याला चावला! लॅटिनमध्ये शब्दाच्या शेपटीकडे बघायचं, ते असं.

आता आपल्या खो-खोवाल्यांकडे वळू. मराठीत 'तून' हा शब्दाच्या मागे येतो: घरातून, विहिरीतून, एकीतून. लॅटिनमधला 'एक्स' मात्र शब्दाच्या पुढे उभा राहतो. म्हणून 'उनितास एक्स वीस' लिहिलं की 'एक्स' जाऊन चिकटतो 'वीस'ला. वाचणारा समजतो, 'बळातून एकी'! म्हणजे दांडगाई करून, दटावून आणलेली एकी. सगळ्यांनी मिळून खेळायचं म्हणून जो टी-शर्ट घ्यायचा, त्याच्या पाठीवर दादागिरीची जाहिरात. आणि तेवढ्यासाठीसुद्धा व्याकरण चुकलेलंच आहे, कारण 'एक्स'च्या पुढे 'वीस'चं 'वी' व्हायला हवं.

मग बरोबर काय? 'एक्स'ला आपल्यापुढचा शब्द एका ठराविक रूपात लागतो. आपल्या पंचमीचं काम करणारं ते रूप. आता 'उनितास'ला ते रूप कसं द्यायचं? थांबा, आधी मराठीतच बघू. शब्दकोशात 'घोडा' सापडतो, पण 'घोड्या' सापडत नाही. प्रत्यय लावताना मात्र आपण 'घोडाला' म्हणत नाही, 'घोड्याला' म्हणतो. हे झालं सामान्यरूप. लॅटिन शब्दकोश या बाबतीत फार दयाळू. तो 'उनितास'च्या शेजारी 'उनितातिस', म्हणजे 'एकीचे', हे दुसरं रूपही छापतो. त्यातला शेवटचा 'इस' काढा, उरलं 'उनितात्'. त्याला 'ए' जोडा, झालं 'उनिताते'. म्हणजे 'एक्स उनिताते', एकीतून!

राहिलं बळ. 'वीस' हा जरा व्रात्य शब्द आहे, नेहमीच्या नियमांना जुमानत नाही. त्याचं अनेकवचन होतं 'वीरेस', आणि एका माणसाच्या किंवा संघाच्या ताकदीबद्दल बोलताना बहुधा तेच वापरतात. झालं तर मग: 'एक्स उनिताते वीरेस'. एकीतून बळ. शब्द तेच तीन, पण दोघांच्या शेपट्या बदलल्या, जागा बदलल्या आणि अर्थ सरळ झाला.

आपल्या आणि लॅटिनच्या व्याकरणात इतकं साम्य कसं, असा प्रश्न पडला ना? कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनाही तो पडला होता. १७८६ साली एका व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून फुटल्या असाव्यात. आपली मराठी संस्कृतच्या कुळातली. म्हणजे लॅटिन आपली परकी पाहुणी नव्हे, लांबची का होईना, नातेवाईकच!

बरं, 'एक्स उनिताते वीरेस' हे शब्द मी काही स्वतः घडवलेले नाहीत. १९१० पासून २००० पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या राजचिन्हावर ते झळकत होते. गांधीजी त्या देशात १८९३ ते १९१४ या काळात होते, म्हणजे हे चिन्ह आलं तेव्हा ते तिथेच वर्णभेदाशी झुंजत होते. व्याकरणाच्या दृष्टीने चिन्हावरचे शब्द अगदी बिनचूक. पण 'एकी' होती ती गोऱ्यांपुरतीच. काळ्या लोकांना, आपल्या हिंदी लोकांना त्यात बरोबरीची जागा नव्हती. त्यांच्या वाट्याला 'बळातून एकी'च आली! १९९४ साली सर्वांना मताचा हक्क मिळून निवडणूक झाली आणि २००० साली नवं राजचिन्ह आलं. त्यावरही लोकांनी एक व्हावं असंच लिहिलं आहे, पण लॅटिनमध्ये नव्हे, तर त्याच मातीतल्या, आता लुप्त झालेल्या एका जुन्या भाषेत.

म्हणून त्या वाचकाला मी पत्राच्या शेवटी एवढंच लिहिलं, की शब्द आता बरोबर झालेत, पण मैदानात ते खरे करायचं काम तुमचं. नऊ जण खेळणार आणि राखीव मुलं कोपऱ्यात रुसून बसणार, असं होता कामा नये.

पत्राखाली त्याच्या आईनेही दोन ओळी जोडल्या आहेत: "बाई, लॅटिन कशाला? मराठीत छापलं तर काय बिघडतं?" ताई, काहीच बिघडत नाही! खरं तर मराठीच जास्त शोभेल. पण या निमित्ताने पोराने शब्दकोश उघडला, तो उघडा राहू द्या. पालकांना एक विनंती. मुलं परक्या भाषेतलं काही विचारू लागली, तर आधी त्यांना मराठीत नीट विचारा: कोण? कुणाला? कशातून? एक की अनेक? एवढं स्पष्ट झालं की निम्मं भाषांतर झालंच म्हणून समजा. मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो खरा, पण आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्यालाच ठाऊक असतं. म्हणून कापडावर, पाटीवर किंवा बक्षिसावर काही कोरण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवावं. तुमच्या ओळखीत जुन्या पिढीतले कॅथलिक धर्मगुरू असतील, तर त्यांना जरूर विचारा. त्यांच्या शिक्षणात लॅटिन असे.

आता या आठवड्याचं कोडं. घड्याळातलं ए.एम. म्हणजे 'आन्ते मेरिदिएम' आणि पी.एम. म्हणजे 'पोस्त मेरिदिएम'. 'आन्ते' म्हणजे आधी, 'पोस्त' म्हणजे नंतर. पण लॅटिन शब्दकोशात दुपारसाठी शब्द सापडतो तो 'मेरिदिएस'. मग शेवटच्या 'स'चा 'म' का बरं झाला? वर त्या कुत्र्याने कुणाला चावा घेतला, ते पुन्हा वाचा. उत्तर तिथेच दडलंय! ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पुढच्या अंकात पडताळून पाहू.

तुमची,
बाई