कोणाच्याहि कडेवर जाणारें मूल

परक्या माणसाच्याहि कडेवर न रडतां जाणाऱ्या मुलाचें आपण फार कौतुक करतों. परंतु अनाथगृहांतून दत्तक आलेल्या मुलाच्या बाबतींत या गुणाचा अर्थ निराळा असूं शकतो, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

१९८९ च्या डिसेंबरांत रुमानियांतील चाउशेस्कूची राजवट कोसळली, आणि तेथील अनाथगृहांची दैना जगापुढें आली. एकेका दाईकडे अनेक तान्हीं मुलें. दूध मिळे, पण रडण्याला ओ देणारें कोणी नसे. त्यांतील कांहीं मुलें कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत दत्तक गेलीं. तेथील संशोधकांना असें दिसलें कीं, अनाथगृहांत आठ महिन्यांहून अधिक काळ काढलेलीं पुष्कळ मुलें अनोळखी माणसाशींहि चटकन् सलगी करीत. ज्याला आपलें असें एक माणूस लाभलें नाहीं, त्याला परकें कोण हें तरी कसें उमगावें?

देहाची साक्षहि अशीच आहे. कॉर्टिसोल नांवाचा अंतःस्राव संकटकाळीं शरीराला सावध करतो. एरव्हीं तो सकाळीं पुष्कळ असतो व रात्रीपर्यंत उतरतो. आपलें माणूस जवळ असलें, कीं भ्यालेल्या बाळाच्या अंगांत तो फारसा चढत नाहीं. दत्तक येऊन सुमारें साडेसहा वर्षें लोटल्यावर या मुलांची लाळ तपासली, तेव्हां उशिरां आलेल्यांत त्याचें प्रमाण दिवसभर अधिक आढळलें. चार महिन्यांच्या आंत आलेल्यांत तसें आढळलें नाहीं. हा निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाला. पोट भरलें, घर पालटलें, तरी देहाचा पहारा उठला नव्हता!

म्हणून दत्तक मूल घरीं आल्यावर पहिले कांहीं महिने बारशाचा थाट आणि आप्तेष्टांनीं त्याला हातोहात नाचविणें आवरावें. भरविणें, न्हाऊं घालणें, निजविणें व रडतांच उचलणें हीं कामें आईबापांनींच करावींत. उशिरां आलेलें मूल हातचें गेलें असें मुळींच नव्हे. अशा मुलांनाहि माया जडते. वेळ मात्र लागतो. एके दिवशीं तें पाहुण्यांना पाहून आईच्या पदराआड लपेल आणि भोकांड पसरील. त्या दिवशीं आईबापांनीं हिरमुसूं नये, साखर वांटावी.