दिवा, पंखा आणि बादलीभर पाणी

तीन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका सद्गृहस्थांनी आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ सोळा पंखे देऊ केले. बाजारात ज्यांस बी.एल.डी.सी. म्हणतात, त्या नव्या जातीचे ते उत्तम पंखे होते. आम्ही ते मोठ्या आनंदाने ख्रिस्तमंदिरात बसविले आणि तेथील जुने पंखे काढून बोर्डिंगातील मुलांकडे पाठविले. देणगीदार संतुष्ट झाले, आम्हीही झालो. आज वाचकांपाशी कबूल करावयाचे ते हे की, त्या दिवशी आम्ही चुकलो.

चूक ध्यानी आली ती बोर्डिंगाचे विजेचे बिल हाती घेऊन बसलो तेव्हा. हिशेब साधा आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. जुन्या धाटणीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नवा सुमारे ३० वॅट घेऊन तितकाच वारा देतो. जुन्या पंख्याच्या मोटारीत बरीचशी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. नव्याच्या फिरत्या भागात कायमचे लोहचुंबक बसविलेले असल्यामुळे ती गळती पुष्कळ कमी होते. एका पंख्यामागे फरक ४५ वॅटचा.

आता पाहा. मंदिरातील पंखे आठवड्यातून फार तर पाच तास फिरतात. सोळा पंख्यांची आठवड्याची बचत झाली ३.६ युनिटे. बोर्डिंगात मात्र दहा पंखे रोज रात्री दहा तास फिरतात. तेथे हे नवे पंखे असते, तर एकेका रात्रीत ४.५ युनिटे वाचली असती! जी वस्तू जेथे रात्रभर राबावयाची, तेथे आम्ही ती दिली नाही. जेथे चार लोकांच्या दृष्टीस पडावयाची, तेथे टांगली. उपकरण किती चांगले, हा प्रश्न दुसरा. ते किती तास चालणार, हा पहिला.

हीच चूक घरोघरी निराळ्या रूपाने होत असते. परवा एका घरी आशीर्वादास गेलो होतो. रात्रीचे नऊ वाजले आणि दहावीत शिकणाऱ्या मुलीच्या पुस्तकावरील दिवा वडिलांनी मालविला. आम्ही कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “फादर, बिल केवढं येतंय!” मुलगी निमूटपणे उठून आत गेली. तो दिवा ९ वॅटचा एल.ई.डी. होता. पूर्वी ६० वॅटचा पिवळा दिवा जितका उजेड देई, तितका आज हा देतो. निळा प्रकाश देणाऱ्या ज्या शोधामुळे असे पांढरे दिवे शक्य झाले, त्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दिव्याखाली मुलीने आणखी दोन तास अभ्यास केला असता, तर महिनाभरात जेमतेम अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज जळली असती.

त्याच घरी न्हाणीघरात विजेवर पाणी तापते. पंधरा लिटरची एक बादली २० अंशांनी तापवावयास सुमारे ०.३५ युनिट लागते. तेवढ्या विजेवर तो अभ्यासाचा दिवा ३८ तास जळेल. घरात माणसे पाच. म्हणजे रोज पावणेदोन युनिटे आणि महिन्याकाठी बावन्नच्या वर! गीझर सकाळभर चालू राहिला, तर त्याच्या टाकीतून निसटणारी उष्णता निराळीच.

कोणी म्हणेल, आमच्या कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरांना वीज फुकट मिळते, मग ही चिंता कशाला? परंतु ती सवलत त्या त्या घराच्या सरासरी वापरावर ठरते व तिची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिटांची आहे. ती ओलांडली की संपूर्ण बिल भरावे लागते. त्या मर्यादेचा चौथा हिस्सा केवळ पाणी तापविण्यात जातो, हे गृहिणींनी ध्यानात घ्यावे.

पाणी तापविण्याची ही वीज कोणताही कारखानदार मोठीशी कमी करू शकत नाही. विजेच्या कांडीतील सारी वीज पाण्यातच उतरते. म्हणून येथे उपाय दोनच. ज्यांस शक्य असेल त्यांनी छपरावर सूर्याच्या उष्णतेवर चालणारे यंत्र बसवावे. पावसाळ्यात ते पुरेसे पडत नाही, हे मात्र आधीच जाणून असावे. इतरांनी पाणी तापताच बटण बंद करावे व एकामागून एक स्नाने उरकावीत.

फ्रिज दिवसाचे चोवीस तास जोडलेला असतो. तो घेताना दारावरील ताऱ्यांची चिठ्ठी अवश्य वाचावी. तीवर वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा छापलेला असतो. ताऱ्यांची परीक्षा वेळोवेळी कठीण केली जाते, म्हणून चिठ्ठीवरील मुदतही पाहावी. पंख्यांवरही २०२३ पासून ही चिठ्ठी सक्तीची आहे. नवा पंखा महाग असतो आणि त्यातील विद्युत्‌-पट्टी बिघडली तर गावच्या कारागिराला दुरुस्त करता येईलच असे नाही. तेव्हा हमीपत्र जपून ठेवावे. जो पंखा रात्रभर चालतो, तो आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतील जुना खुशाल राहू द्यावा.

ते देणगीदार भेटले तेव्हा आम्ही भीत भीत आमची चूक त्यांच्या कानावर घातली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, आमच्या आईला उकाड्यात झोप येत नसे. पंखे पोरांकडे न्या.” गेल्या शनिवारी त्यांतील दहा पंखे आम्ही बोर्डिंगात हलविले. मंदिरात जुने फिरत आहेत. कोणाच्या ध्यानातही आले नाही. आणि त्या मुलीच्या वडिलांना ही बादलीची बेरीज कागदावर मांडून दाखविण्यासाठी आम्ही या रविवारी मिस्सानंतर त्यांच्या घरी जाणार आहोत.