करंट देणार म्हणजे काय करणार?



आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या लिव्हरमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. कॅन्सरची. हिपॅटायटिस बी ची जुनी लागण, त्यातून सिरॉसिस, त्यातून गाठ. एका मोठ्या रुग्णालयात त्यांना रेडिओफ्रीक्वेन्सी अॅब्लेशन सुचवलं गेलं. राऊंडला आलेले डॉक्टर 'करंट देऊन गाठ जाळू' एवढं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मुलाने इंग्रजी फॉर्मवर सही करायला पेन उचललं, मावशींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, आणि सगळे घरी आले.

पाच महिन्यांनी पोट फुगलं म्हणून परत गेले. तोवर गाठ लिव्हरच्या मोठ्या शिरेत शिरली होती, जाळण्यापलीकडे गेली होती. केसपेपरवर मागच्या वेळची नोंद मी स्वतः वाचली. समजावून सांगूनही उपचारास नकार, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. वॉर्डात कुणीतरी 'अडाणी माणसं' असंही म्हणालं.

मी मावशींना विचारलं, का नाही म्हणालात? त्या म्हणाल्या, "सिस्टर, घरात वायरला हात लागला की माणूस मरतो. मग हे पोटात करंट सोडणार, तर हृदय बंद नाही पडणार?"

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न अडाणी नव्हता. या उपचाराचा पायाच तो प्रश्न आहे. पॅरिसमध्ये आर्सेन दार्सोनव्हाल नावाच्या शास्त्रज्ञाने १८९१ च्या सुमारास हेच शोधलं होतं की वीज अंगातून गेली आणि तरी माणूस सुखरूप राहिला, असं कधी होतं. त्याने स्वतःच्या शरीरातून वीज जाऊ देऊन पाहिली. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. त्या चालीला आपल्या नसा आणि स्नायू प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो, हात चिकटतो, हृदयाचा ठोका चुकतो. पण तीच वीज सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केली तर नसांना तिच्यामागे धावताच येत नाही. स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब जाणवते. लिव्हरसाठी वापरतात ती यंत्रं सेकंदाला साधारण पाच लाख वेळा वीज फिरवतात. मावशींना हे सांगायला किती मिनिटं लागली असती? मला दोन लागली, पण पाच महिने उशिरा.

आता जाळणं म्हणजे काय, तेही बघू. सुई तापवून आत खुपसत नाहीत. सुईच्या टोकातून वीज पेशींच्या पाण्यात जाते, त्या पाण्यातले क्षार पुढे-मागे हलतात आणि त्या घर्षणाने मांस स्वतःच तापतं. तव्यावर कलेजी टाकल्यावर ती लालभडक असते ती करडी पडून घट्ट होते, हे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. तेच आत घडतं. ५० अंशाला पेशी मरायला काही मिनिटं लागतात, ६० अंशाच्या वर गेलं की जवळपास लगेच मरतात. मग जास्तच तापवलं तर बरं, असं वाटेल. तसं नाही. १०० अंशाच्या आसपास पाण्याची वाफ होते, सुईभोवती मांस करपतं, आणि करपलेल्या मांसातून वीज पुढे जात नाही. मोठ्या आचेवर कलेजी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते ना, तसंच. आणि कॅन्सरची गाठ कच्ची राहून चालत नाही.

म्हणून मोजमाप लागतं. मी अशा खोलीत काही वर्षं काम केलंय. यंत्रावर विजेला होणारा अडथळा ओहममध्ये दिसतो, सुरुवातीला साधारण ५० ते १०० च्या दरम्यान. मी तो आकडा मोठ्याने वाचायची. लिव्हर तापू लागलं की आकडा खाली सरकतो, कारण तापलेल्या मांसातून वीज सोपी जाते, दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी सोपी. मग कधीतरी आकडा एकदम उसळतो. वाफ झाली, करपलं. तिथे वीज कमी करायची, थांबायचं, पुन्हा द्यायची. त्या आकड्यावरून लिव्हरच सांगतं की आता पुरे.

हे ज्ञान कत्तलखान्यातून आणलेल्या डुकराच्या आणि बैलाच्या लिव्हरवर, मग जिवंत प्राण्यांवर मोजून मोजून जमवलेलं आहे. चार सुया टोचतात, बाहेरच्या दोन वीज देतात, मधल्या दोन दाब मोजतात, म्हणजे सुई आणि मांस यांच्या सांध्यातला अडथळा मोजणीत मिसळत नाही. अशा मोजणीत एक छान गोष्ट दिसते. नुसत्या उष्णतेने झालेला बदल लिव्हर थंड झालं की जातो. पण पेशींची आवरणं फुटली असतील, तर तो बदल थंड झाल्यावरही राहतो. म्हणजे कुठे फक्त शेकलं गेलं आणि कुठे खरोखर मेलं, हे विजेच्या भाषेत वेगळं ओळखता येतं. १९९० मध्ये इटलीत रोस्सी आणि अमेरिकेत मॅकगहान यांनी सुईने लिव्हरचा ठरावीक भाग असा मारता येतो, हे प्राण्यांवर दाखवून दिलं.

मेलेल्या आणि जिवंत लिव्हरमध्ये मात्र एक मोठा फरक आहे, तो म्हणजे रक्त. गाठीला खेटून तीन मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिनी असेल, तर वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं आणि त्या बाजूची गाठ वाचते. पुन्हा वाढते. म्हणून 'गाठ केवढी?' इतकाच 'गाठ कशाजवळ आहे?' हाही प्रश्न विचारायचा. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला हा उपचार चांगला लागू पडतो, त्यापुढे खात्री कमी कमी होत जाते. मावशी अडीचवर होत्या.

माझी एक चूकही सांगते, कारण धोका नाही असं मला म्हणायचं नाही. सुईतून गेलेली वीज बाहेर पडायला मांडीवर मोठे चिकट पॅड लावतात. केस काढून, त्वचा कोरडी करून, पूर्ण चिकटलेले असावे लागतात. एकदा माझ्या हातून एका पॅडची कड सुटी राहिली. सगळी वीज उरलेल्या भागात गोळा झाली आणि त्या दादांच्या मांडीवर भाजल्याचा पट्टा उठला. ते भुलीखाली होते, सांगणार कसं? नंतर मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, पॅड लावतात हे मला आधी माहीतच नव्हतं." तेही कुणी सांगितलं नव्हतं.

नोंदीत 'समजावून सांगितलं' असं लिहायचं असेल तर काय समजावलं तेही लिहिलं पाहिजे, आणि ते मराठीत झालं पाहिजे. वीज कोणती, सुई कुठून जाणार, गाठ मोठ्या रक्तवाहिनीजवळ आहे का, नंतर दोन-चार दिवस ताप येऊ शकतो, महिन्याभराने सीटी स्कॅन करून गाठ पूर्ण मेली का ते बघावं लागतं, पेसमेकर असेल तर आधी सांगावं लागतं. दहा मिनिटांचं बोलणं आहे. रुग्णालयात गर्दी असते हे मला कुणी सांगू नये, मी त्या गर्दीत ड्युट्या केल्या आहेत. डॉक्टरांना वेळ नसेल तर नर्सला द्या. आम्हाला ते आकडे वाचता येतात, तर त्यांचा अर्थही सांगता येईल. आणि आपल्या माणसांनीही न समजता सही करू नये, न विचारता उठूनही येऊ नये. मावशींनी पेन काढून घेतलं ते बरोबरच केलं. त्यांचा प्रश्न वॉर्डात मोठ्याने विचारायला त्यांच्यासोबत कुणी नव्हतं, एवढंच.

मावशी गेल्या. त्यांच्या दोन्ही मुलींना मी हिपॅटायटिस बी च्या तपासणीला घेऊन गेले. राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. थोरली निगेटिव्ह आली, तिने लस घेतली. धाकटी पॉझिटिव्ह आहे. ती दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करते आणि रिपोर्ट घेऊन आधी माझ्याकडे येते. मागच्या वेळी तिनेच मला विचारलं, "ताई, यात रक्तवाहिनीबद्दल काही लिहिलंय का?" गाठ नव्हतीच, त्यामुळे काही लिहिलेलं नव्हतं.