लोणारचे वन आणि काठावरील शेतकरी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहावयास लोक दुरून येतात. परंतु त्या सरोवराला वेढून उभ्या असलेल्या वनाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हे वन लहान आहे. सन २००० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे क्षेत्र चार चौरस किलोमीटरांहूनही कमी आहे. त्याचे रक्षण हे केवळ वनरक्षकाचे काम होय, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती दूर होणे अगत्याचे आहे. मोठे अरण्य काही काळ स्वतःचे रक्षण करू शकते. लहान वनाचे भवितव्य मात्र त्याच्या सीमेवर नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती असते.

उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर आहे. पावसाचे व झऱ्यांचे पाणी आत उतरते. बाहेर वाहून जाण्यास मात्र वाट नाही. पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. निचरा नसलेल्या जमिनीत क्षार कसे साठतात, हे पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे. त्याच वर्षी या सरोवराची गणना रामसर यादीतील पाणथळ स्थळांत झाली. येथे जे आत जाते ते आतच राहते, ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे वनाचे महत्त्व आपोआप कळून येते.

विवराच्या तीव्र उतारावरील साग, कडुनिंब, चिंच व सीताफळ यांची मुळे मातीला बांधून ठेवतात, आणि झाडांखालचा पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो. हे आच्छादन नाहीसे झाल्यास उतारावरची माती तळाशी जाईल व ती पुन्हा वर आणता येणार नाही. शेताच्या बांधावरील गवत व झाडे हेच कार्य करीत असतात. फरक एवढाच की, येथे ते उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

या वनाचा एक शत्रू शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे विलायती किंवा वेडी बाभूळ. सरोवराच्या काठाने तिने दाट वाढ करून इतर झाडोऱ्यास जागा ठेवली नाही. तिच्या गोड शेंगा शेळ्या व गुरे खातात आणि त्यांच्या लेंड्या व शेणातून बी दूरवर पसरते. वरून तोडल्यास ती पुन्हा अनेक फुटव्यांनी वाढते. खोडाचा बुडखा मुळासह खणून काढावा लागतो. म्हणून मोकाट चराई थांबवणे व बांधावरील रोपे लहान असतानाच उपटणे, ही दोन्ही कामे गावाची आहेत.

काठाबाहेरील शेतांचा उतार बहुतांशी विवराच्या उलट दिशेस असल्याने आपल्या खताचा सरोवराशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु वाहणारे पाणी व मुरणारे पाणी यांच्या वाटा निराळ्या असतात. सोयाबीन व कपाशीला माती परीक्षणाविना दिलेले जादा खत शेतकऱ्याचा खर्च वाढवते आणि मुरून भूजलातही जाते. झरे त्याच भूजलावर जगतात.

याकरिता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांची शिवारफेरी, वन विभागाच्या अनुमतीने, या वनात न्यावी. धारेकडील पायऱ्या उतरून गेल्यावर तळाची वाट बरीच सपाट असून झाडांच्या सावलीतून व जुन्या मंदिरांजवळून जाते. पाणी वाढलेले असता काही भाग बुडतो, म्हणून अगोदर चौकशी करावी. उतारावरील आच्छादन, वेड्या बाभळीचे आक्रमण व झऱ्याचे पाणी हे तीन धडे एकाच फेरीत मिळतात. ही वाट पायवाटच राहावी. तिचे रुंदीकरण करून सिमेंट घालणे म्हणजे जे दाखवावयाचे तेच नष्ट करणे होय.

शेतकऱ्याची बाजूही न्याय्य आहे. रानडुक्कर व रोही रात्रीतून पिकाची नासाडी करतात. चराई व सरपण बंद झाल्याचा भार गरिबावर अधिक पडतो. नुकसान भरपाईचा अर्ज तत्काळ व बिनचूक भरून देणे, बांधावर चाऱ्याचे गवत व सुबाभूळ लावण्यास साहाय्य करणे, ही विस्तार कार्यकर्त्याची जबाबदारी आहे. वनाची झळ एकट्या शेतकऱ्याने सोसावी व कीर्ती इतरांनी घ्यावी, अशी व्यवस्था फार काळ टिकत नाही. ज्याच्या सहकार्यावाचून हे वन राहणार नाही, त्याला त्याचा लाभ प्रथम मिळाला पाहिजे.